कारवीचा बहर गाठायचा असेल तर

ऑगस्ट संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो: "ताई, यंदा कारवी कुठे फुललीय?" कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरचं, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप. विचारणाऱ्याला रविवारचा बेत ठरवायचा असतो आणि मी एखाद्या घाटाचं नाव सांगून मोकळं व्हावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. नाव मी सांगते, पण सोबत एक कामही लावून देते. बातमी वाचून निघालेली माणसं बहुतेकदा बहर उतरल्यावर पोचतात, आणि त्याच दिवशी निघालेल्या बाकीच्या गर्दीत अडकतात. त्यापेक्षा आपल्या घरापासून तासा-दोन तासांवरचा एक उतार धरावा आणि त्याच्यावर नजर ठेवावी. ते कसं करायचं, डोंगरात काय बघायचं आणि काय टाळायचं, ते सगळं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

मी ठाण्यात राहते, येऊरला फिरते. माहेर अकोले तालुक्यातलं. तिकडे आमच्या लहानपणी कारवी हे बघायला जायचं फूल नव्हतंच. कारवी म्हणजे घराचा कूड, परसातल्या वालाच्या वेलाला लावलेल्या काठ्या आणि चुलीपाशी रचलेलं सरपण. कूड घालायचा म्हणजे सरळ काठ्या निवडून, पानं-फाटे सोलून त्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कांबींना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांच्या भिंतीही अशाच कारवीच्या. गेरूने सारवून तांदळाच्या पिठीने काढलेली ती चित्रं मुळात याच कुडांवरची. म्हणून कारवी ओळखायला शिकायचं तर फुलापासून सुरुवात करू नका. फूल सात-आठ वर्षांतून एकदा येतं, काठी रोज दिसते.

सात वर्षं की आठ?

यावर डोंगरात जाणाऱ्यांची भांडणं होतात. कोणी सात सांगतं, कोणी आठ. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ साली डोंगर भरून फुलली आणि मग २०१६ साली. वजाबाकी केली तर आठ वर्षं होतात. मधले बिनफुलांचे पावसाळे मोजले, २००९ ते २०१५, तर ते सात भरतात. निम्मं भांडण मोजण्याच्या पद्धतीचंच आहे. तुम्ही आपल्या वहीत वर्ष लिहा, "सातवं", "आठवं" असलं काही लिहू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळे डोंगर एका साली फुलत नाहीत. एका खोऱ्यात बहर येतो, पलीकडच्या खोऱ्यात त्या साली नुसती हिरवी पानं. भंडारदऱ्याकडचा हिशेब येऊरला लावून चालत नाही आणि येऊरचा महाबळेश्वरला. शिवाय दरवर्षी कुठे ना कुठे चुकार झुडपं फुलतातच. तेवढ्या दोन-चार झुडपांचा फोटो कोणीतरी टाकतं, खाली "अखेर कारवी फुलली" असं लिहितं, आणि शंभर गाड्या निघतात. फोटो बघाल तेव्हा फुलाच्या मागचा उतार बघा. मागे सगळं हिरवं असेल तर घरी बसा.

सगळी कारवी एकदम का फुलते, याचं एक पटणारं कारण असं: थोडं थोडं बी दरवर्षी पडलं तर रानकोंबड्या, उंदीर, किडे ते सगळं खाऊन टाकतील. एकाच साली उतारभर बी सांडलं की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी बी उरतं. झाड मात्र त्यात संपतं. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा, बऱ्याच सूचना यातूनच निघतात.

फुलायचं वर्ष ओळखायचं कसं

सर्वात सोपा मार्ग म्हणजे विचारणं. पण कोणाला, हे महत्त्वाचं. हॉटेलवाल्याला विचाराल तर तो दरवर्षी हो म्हणणार. गुराख्याला विचारा, मध काढणाऱ्याला विचारा, वनरक्षकाला विचारा. रतनवाडीकडच्या एका म्हाताऱ्या गुराखी मामांना मी विचारलं होतं, "मामा, औंदा फुलंल का कारवी?" त्यांनी चार काठ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "न्हाई पोरी. अजून कवळी हाय. औंदा जांभळीचं बघ, कारवीचं मग बघू." त्यांनी काय पाहिलं ते मी पुढे शिकले, आणि ते कोणालाही जमण्यासारखं आहे.

एका उतारावरची कारवी एकाच वयाची असते, कारण ती एकाच साली सांडलेल्या बियांतून आलेली असते. त्यामुळे सगळ्या काठ्यांची उंची आणि जाडी साधारण सारखी दिसते. गुडघ्याएवढी, पेन्सिलीसारख्या काड्यांची दाट रोपं असतील तर बहर अजून वर्षानुवर्षं लांब आहे. डोक्यावर गेलेली, अंगठ्याहून जाड, खरखरीत गाठींची काठी झाली की दरवर्षी जुलैत चक्कर मारायला लागा.

जुलैत काय बघायचं? फांद्यांच्या टोकांना आणि पानांच्या बेचक्यांत कणसं. फुलायच्या वर्षी तिथे एकावर एक खवले बसवल्यासारखी लहान हिरवी कणसं धरतात. बोटाला चिकट लागतात, जरा केसाळ असतात, आणि त्यांना एक उग्र वास असतो, जो मला आवडतो आणि माझ्या सोबत येणाऱ्या बहुतेकांना आवडत नाही. अशी कणसं एखाद-दुसऱ्या झुडपावर असतील तर ती चुकार. उतारभर असतील तर सप्टेंबरच्या सुट्ट्या आत्ताच टाका.

उन्हाळ्यात गेलात तर फसाल. कारवी त्या दिवसांत पानं टाकते आणि सगळा उतार करड्या काठ्यांचा होतो. जिवंत कोणती, मेलेली कोणती, हे लांबून कळत नाही. नखाने सालीवर अगदी हलकं खरवडा: आत हिरवं दिसलं तर ती फक्त उन्हाळा काढतेय. आत कोरडं तपकिरी असेल आणि टोकांना वाळकी कणसं लटकत असतील, तर या उतारावर बहर नुकताच होऊन गेलाय. तारीख लिहा आणि दुसरा उतार शोधा.

कारवीच आहे ना?

कारवीची पानं मोठी, समोरासमोर जोडीने येणारी, हाताला खरखरीत, कडेला बारीक दाते आणि शिरा ठळक उठलेल्या. खोड सरळ, अंगावर बारीक उंचवटे. फूल निळं-जांभळं, नळीसारखं, तोंडाशी पाच पाकळ्यांत फाकलेलं. जुन्या पुस्तकांत शोधाल तर तिचं नाव कार्व्हिया कॅलोसा असं मिळेल. आता स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा म्हणतात. झाड तेच.

घोटाळा होतो तो तिच्या भाऊबंदांमुळे. कासच्या पठारावर उघड्या कातळाजवळ जी बुटकी, गोल घुमटासारखी झुडपं दिसतात ती टोपली कारवी. तीही वर्षं मोजून एकदम फुलते, पण तिचा हिशेब वेगळा. म्हणून "कासला फुलली" ही बातमी ऐकल्यावर कोणती, हे विचारा. दुसरी व्हायटी. ही जंगलाच्या सावलीत असते आणि पावसाळ्यानंतर थंडीच्या सुमाराला फुलते. नोव्हेंबर-डिसेंबरात महाबळेश्वरच्या रानात कोणी "कारवी दाखवतो" म्हणाला तर ती बहुधा हीच. आणि तिसरी ती नीलकुरिंजी, जिचे मुन्नारचे फोटो आपल्याकडच्या बातम्यांत कारवी म्हणून खपवले जातात. ती दक्षिणेतली, उंच गवताळ डोंगरांवरची, बारा वर्षांनी फुलणारी. २००६ आणि २०१८ साली तिचे मोठे बहर झाले. ती बघायची असेल तर केरळला जा, माळशेजला शोधू नका.

कुठे, कधी

सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला आणि घाटमाथ्यावर कारवी नाही असा पट्टा शोधावा लागेल. मुंबई-ठाण्याच्या लोकांना येऊर आणि राष्ट्रीय उद्यान जवळचं, माथेरानही. पुण्या-नाशकाकडच्यांना भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज, हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाईचा परिसर. साताऱ्याकडे महाबळेश्वर आणि कोयनेचं खोरं. पण यादी पाठ करून उपयोग नाही. ज्या उतारावर तुम्ही वर्षातून तीनदा सहज जाऊ शकाल तोच तुमचा.

फुलं ऑगस्टच्या मध्यापासून उघडायला लागतात आणि सप्टेंबर हा भर. काही ठिकाणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतात. पहिली फुलं दिसली की घाई करू नका. कणसात खालून वर फुलं येत राहतात, त्यामुळे पहिल्या बातमीनंतर दोनेक आठवड्यांनी उतार जास्त भरलेला असतो. मात्र मधेच जोराचा पाऊस झाला तर उघडलेली फुलं गळून खाली सडा पडतो आणि झुडपं दोन दिवस उदास दिसतात. अशा वेळी परत फिरू नका, दोन दिवस थांबा.

वारातला मंगळवार किंवा बुधवार. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक रविवारीच जातात.

वेळ सकाळची. पाऊस उघडून जरा ऊन पडलं की मधमाश्या उतरतात, आणि बहरातल्या कारवीचा अर्धा आनंद त्या आवाजात आहे. पानांकडेही बघा. चॉकलेट पॅन्सी नावाच्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या कारवीवर वाढतात. ती काटेरी अळी दिसली तर हात लावू नका, पण पानाखाली वाकून जरूर बघा. फोटोसाठी ढगाळ प्रकाश चांगला, कारण कडक उन्हात फोनचा कॅमेरा निळ्या-जांभळ्याचा रंग फिका करतो. फोटोंबद्दल याहून जास्त मला बोलायचं नाही.

कारवीच्या रानात चालणं

हा भाग नीट वाचा.

सह्याद्रीत चढ-उतरणाऱ्या प्रत्येकाने कारवीला धरून स्वतःला सावरलेलं असतं. घसरड्या उतारावर तिच्यासारखा आधार नाही. पण धरायची रीत आहे. एक काठी टोकाशी धरू नका. दोन-तीन काठ्या एकत्र, शक्य तितक्या मुळाजवळ धरा, आणि सगळा भार टाकायच्या आधी एकदा ओढून बघा. जिवंत काठी वाकते, मेलेली कटकन तुटते. बहर होऊन गेल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत अख्खा उतार मेलेल्या काठ्यांचा असतो आणि त्या उभ्याच असतात, दिसायला भक्कम. ज्या वाटेने तुम्ही आधीच्या साली कारवीच्या भरवशावर उतरलात, तीच वाट त्या साली दगा देते. दोर न्या किंवा वाट बदला.

हात घालण्याआधी बघा. पावसाळ्यात चापडा, म्हणजे हिरवा बांबू पिट वायपर, झुडपांच्या फांद्यांवर कमरेच्या किंवा खांद्याच्या उंचीला स्थिर बसलेला असतो. विषारी आहे, आणि हिरव्यात हिरवा मिसळून गेलेला असतो. पुढच्याने हात घातला तिथे मागच्यानेही न बघता घालू नये, कारण पहिल्या धक्क्याने तो जागा झालेला असतो. चावला तर कापाकापी, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता माणसाला शांत ठेवून दवाखाना गाठायचा.

दाट कारवीत समोरचं दिसत नाही. डुकरांनी पाडलेल्या बोगद्यासारख्या वाटा माणसाच्या वाटेसारख्याच वाटतात आणि थेट कड्यावर नेऊन सोडतात. वाट कमरेच्या खाली बुटकी व्हायला लागली, वर फांद्या मिटलेल्या दिसल्या, तर ती तुमची वाट नाही. मागे फिरा. गटात असाल तर पुढचा माणूस दिसेनासा होईल इतकं अंतर ठेवू नका आणि अधूनमधून हाक द्या.

माश्यांबद्दल. फुलावर काम करणारी माशी तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, तिला तिचं काम असतं. धोका पोळ्यापाशी. आग्या माश्यांची मोठी उघडी पोळी कड्यांना आणि उंच झाडांना लटकलेली असतात, आणि कारवीच्या वर्षी त्या भागात ती जास्त दिसतात. अत्तर, सुगंधी तेल लावून जाऊ नका, शेकोटी किंवा विडी पेटवू नका, कड्याखाली आरडाओरडा करू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून त्या जागेपासून लांब पळा. हात झटकत एका जागी उभं राहिलं की त्या आणखी येतात.

भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेकडे जळवाही भेटतील. मिठाची पुरचुंडी खिशात असू द्या. जळवेने कोणी मरत नाही, ओरडणाऱ्यांमुळे बाकीच्यांचे कान मात्र जातात.

तोडू नका

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात फूल तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यांतली ठिकाणं. प्रवेशाची वेळ, शुल्क, परवानगी हे निघण्याआधी वनखात्याकडून विचारून घ्या, दरवर्षी त्यात बदल होतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे: या झुडपाला दुसरी संधी नाही. दुसरं फुलझाड पुढच्या साली पुन्हा फुलेल. कारवीचं कणीस केसांत माळलंत तर तिने सात वर्षं साठवलेलं बी गेलं.

फुलांच्या मधे शिरून फोटो काढणाऱ्यांचंही तेच. एकाने काठ्या आडव्या केल्या की दुसरा त्याच जागेतून आत जातो आणि संध्याकाळपर्यंत तिथे वाट पडते. पावसाळ्यात त्या वाटेने मातीच वाहून जाते. पायवाटेवरून जे दिसतं ते भरपूर असतं.

घरी लावायची का, असं दर मोसमात एक-दोघं विचारतात. लावू नका. कुंडीत एकटी कारवी म्हणजे सात वर्षं खरखरीत पानं बघायची, मग एक महिना फुलं आणि नंतर वाळकी काठी.

बहर उतरल्यावर परत जा

लोक फुलं बघतात आणि पुढची सात वर्षं तोंड दाखवत नाहीत. माझ्या मते बहरानंतरचं वर्ष जास्त बघण्यासारखं असतं. कणसांत बोंडं धरतात, थंडी-उन्हाळ्यात ती वाळतात आणि काठ्यांवर तशीच राहतात. मग पावसाची पहिली ओल लागली की ती तडातड फुटायला लागतात आणि बी लांब उडतं. वाऱ्या-पावसाचा आवाज नसलेल्या क्षणी उभं राहिलात तर आख्खा उतार तडतडताना ऐकू येतो. यासाठी जूनच्या सुरुवातीला, पहिल्या एक-दोन सरींच्या वेळी जायला हवं. जुलैत गेलात तर खेळ संपलेला असतो.

जुलैत मात्र दुसरं दिसतं. मेलेल्या काठ्यांच्या खाली जमिनीवर रोपांचा थर येतो, इतका दाट की पाऊल ठेवायला जागा नाही. वरची सावली गेल्याने उजेड जमिनीपर्यंत पोचतो आणि एरवी दबून राहिलेली दुसऱ्या झाडांची रोपंही या काळात डोकं वर काढतात. ती कोणती, हे टिपायला हेच वर्ष.

मधाबद्दलही विचारणा होते. कारवीचा मध दाट आणि गडद असतो, आणि तो मिळाला तर जरूर चाखा. पण मध बहराच्या सालीच येणार, आणि तोही बहर असलेल्या डोंगरातूनच. दरवर्षी, बारा महिने "कारवी मध" अशी चिठ्ठी लावलेली बाटली विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कोणत्या सालचा आणि कोणत्या डोंगराचा. महाबळेश्वर भागातले जुने मधपाळ हे बिनचूक सांगतात, शिवाय जांभूळ, हिरडा, गेळा, व्हायटी असा ज्याचा त्याचा मोसमही सांगतात. जो गडबडतो त्याच्याकडून घेऊ नका.

वहीत काय लिहायचं

उताराचं नाव किंवा जवळच्या गावाचं नाव, कोणत्या दिशेला तोंड आहे, तारीख. काठ्यांची उंची अंदाजे: गुडघा, कंबर, डोकं, डोक्यावर. कणसं आहेत की नाहीत. असतील तर चुकार झुडपांवर की उतारभर. फुलं सुरू, भरात की ओसरलेली. मेलेल्या काठ्या, रोपं. प्रत्येक फेरीला एकाच जागी उभं राहून एक फोटो, समोरचा तोच उतार येईल असा. इतकं पुरतं, पाच मिनिटांचं काम आहे.

काही फुललेलं नसेल त्या फेरीलाही लिहा. "२ सप्टेंबर, कणसं नाहीत" ही नोंद फुलांच्या फोटोइतकीच कामाची आहे, कारण पुढचं वर्ष तिच्यावरूनच काढायचं असतं. जमलं तर त्याच नोंदी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवरही टाका, ठिकाणासह. बहराचे फोटो तिथे ढिगाने येतात, मधल्या वर्षांतले फारसे कोणी टाकत नाही. आणि आता मला फोन करणार असाल तर आधी तुमचा उतार कोणता ते सांगा, मग यंदाचं बोलू.